वाचता येतं, पण वाचावंसं वाटत नाही: गोडी लावण्यासाठी शिक्षक नेमकं काय करतात?

तिसरीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. उभी राहून वाच म्हटलं की ती धडा घडाघडा वाचते. जोडाक्षरांशी अडखळत नाही, पूर्णविरामाला थांबते, खालच्या प्रश्नांची उत्तरं बरोबर देते. पण मोकळा तास मिळाला आणि समोर पुस्तकपेटी उघडी ठेवली, तर ती तिकडे वळूनही बघत नाही. तिच्या लेखी वाचन म्हणजे कुणी सांगितलं की करायचं आणि झालं की मिटून ठेवायचं काम.

प्रगतिपुस्तक पाहिलं तर या मुलीला काहीच अडचण नाही. मला मात्र ती अडचणच वाटते, आणि लहान वाटत नाही. वाचता येणं शिकवायला अभ्यासक्रम असतो, पाठ्यपुस्तक असतं, चाचण्या असतात. वाचावंसं वाटणं मात्र बहुतेक वेळा घरावर नाहीतर नशिबावर सोडलेलं असतं. घरात वाचणारं कुणी असलं तर मुलाला गोडी लागते, नसलं तर राहून जातं. प्राथमिक शाळेतले काही शिक्षक हे नशिबावर सोडत नाहीत. ते जे करतात ते बाहेरून अगदी साधं दिसतं, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कारण असतं.

एवढा आग्रह कशासाठी?

१९८८ साली अमेरिकेत रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचवीतल्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कसा जातो याची रोज नोंद ठेवली होती. पुस्तकं वाचण्यात गेलेल्या वेळेनुसार मुलांची रांग लावली, तर रांगेच्या बरोबर मधलं मूल दिवसाला ५ मिनिटंही वाचत नव्हतं. शंभरांतल्या ९० मुलांपेक्षा जास्त वाचणारं मूल २१ मिनिटं वाचत होतं, आणि शंभरांत तळाकडून दहाव्या जागचं मूल जवळजवळ वाचतच नव्हतं. वर्षभराचा हिशेब संशोधकांनी शब्दांत मांडला. पुढच्या मुलाच्या नजरेखालून पुस्तकांतले १८ लाखांवर शब्द जात होते, मधल्याच्या सुमारे २ लाख ८२ हजार, आणि तळच्या मुलाच्या फक्त ८ हजार.

शब्दांच्या या संख्येला महत्त्व आहे, कारण बोलण्यात आपण तेच ते शब्द वापरतो. कमी वापरातले शब्द, लांबलचक वाक्यं, ‘तरीही’, ‘अन्यथा’, ‘त्यामुळेच’ असे विचार जोडणारे शब्द मुलांना मुख्यतः पुस्तकांतच भेटतात. पण एका भेटीत शब्द आपलासा होत नाही. वाचताना समोर आलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी पंधराएक शब्दांचीच थोडीफार ओळख होते, असं वीस प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या १९९९च्या एका अभ्यासात दिसलं. पंधरा म्हणजे कमीच. पण लाखो शब्द वाचणाऱ्या मुलासाठी हे पंधरा टक्के केवढे होतात ते पाहा. इतके शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगत बसणं कुठल्याच शिक्षकाला शक्य नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये या चक्राला ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटलं. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळेल, या आशयाचं वचन बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आहे, त्यावरून हे नाव पडलं. जमतं म्हणून मूल वाचतं, वाचतं म्हणून आणखी जमतं. दुसरीकडे, जमत नाही म्हणून मूल टाळतं आणि टाळतं म्हणून मागे पडत जातं. पहिलीत दोन मुलांमधलं बोटभर असलेलं अंतर पाचवीपर्यंत दरीएवढं होतं ते असं.

२००० सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतली एक गोष्ट मला नेहमी आठवते. आई-वडिलांची नोकरी साधी, पण वाचनात मन रमणारं, अशा पंधरा वर्षांच्या मुलांना वाचनात सरासरी ५४० गुण होते. आई-वडील मोठ्या हुद्द्यावर, पण वाचनाशी फारसं नातं नाही, अशा मुलांना ४९१. यावरून गोडीमुळेच गुण वाढले असं म्हणता येत नाही. गोडी आणि कौशल्य दोन्ही एकमेकांना ढकलत असतात. पण जन्मानं मिळालेली परिस्थिती हेच शेवटचं उत्तर नाही, एवढं तरी या आकड्यांतून दिसतं, आणि शिक्षकाला कामाला लागायला तेवढं पुरे आहे.

आधी अडतंय कुठे ते पाहायचं

‘वाचनात किती मजा आहे!’ असं मुलाला पुन्हा पुन्हा सांगण्याआधी त्याला वाचताना काय होतंय ते पाहावं लागतं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं अगदी सोपं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येतं.

एकेक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी जुळवत जाणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष त्या जुळवाजुळवीत संपतं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. गोष्टीत कोण पळालं, का पळालं, हे कळायला मनात जागाच उरत नाही. अशा मुलाला आनंद मिळत नाही यात त्याचा दोष नाही, पुस्तकाचाही नाही. त्याला नीट, क्रमानं आणि धीरानं अक्षरवाचन शिकवायला हवं. गोडी लावण्याचे प्रयोग शिकवण्याच्या जागी आणले तर ते मुलाशी अन्यायाचं होईल, हे मी आग्रहानं म्हणेन.

पण मग अक्षरं पक्की होईपर्यंत गोष्टींचा आनंद थांबवून ठेवायचा का? मुळीच नाही. लहान वयात मुलाला ऐकून जेवढं समजतं ते त्याला स्वतः वाचून समजतं त्याच्या कितीतरी पुढे असतं. म्हणजे सूत्रातला दुसरा गुणक, भाषेची समज, कानांवाटे वाढवता येतो. त्यासाठी शिक्षकाकडे असलेलं सर्वांत जुनं साधन म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणं.

शिक्षक वाचतात, मुलं नुसती ऐकतात

हे प्रकट वाचन पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नसतं. शिक्षक स्वतःला आवडलेलं पुस्तक आणतात, मुलांना एकट्यानं झेपेल त्यापेक्षा थोडं वरचं, आणि रोज ठरलेल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं वाचतात. ठरलेली वेळ फार मोलाची असते. ‘वेळ उरला तर वाचू’ म्हटलं की वेळ कधीच उरत नाही, आणि वाचन ही उरल्यासुरल्या वेळात करायची गोष्ट आहे हे मुलं न सांगता शिकतात.

वाचून दाखवताना चांगले शिक्षक फार नाटकी होत नाहीत. पात्रांचे आवाज काढता आले तर उत्तमच, पण खरी गंमत वेगात आणि थांबण्यात आहे. दार करकरलं, कुणीतरी आत आलं, आणि इथे पुस्तक मिटलं! उद्यापर्यंत थांबावं लागणं मुलांच्या मनात जे काही करतं, ते कुठल्याही सूचनेनं होत नाही. वाचून झाल्यावर ते पुस्तक कपाटात बंद होत नाही, टेबलावर हात पोचेल असं ठेवलं जातं. मधल्या सुट्टीत दोन-तीन डोकी त्यावर वाकलेली दिसतात. पुढे काय झालं ते त्यांना आत्ताच हवं असतं. आणि शिक्षकांच्या तोंडून ऐकलेला मजकूर आता ओळखीचा झालेला असल्यामुळे, एरवी जड गेलं असतं ते पानही त्यांना झेपतं.

इथे एक मोह आवरावा लागतो. प्रत्येक परिच्छेदानंतर ‘यातून काय शिकलो?’, ‘समानार्थी शब्द सांगा’ असं विचारत गेलं की मुलं गोष्ट ऐकणं सोडून प्रश्नाची वाट बघू लागतात. एखादा शब्द अडला तर अर्थ वाक्यातच हळूच सांगून पुढे जायचं. धड्याच्या तासाला प्रश्न आहेतच. ही दहा मिनिटं तरी हिशेबाविना जाऊ द्यावीत.

निवड मुलाची, ओळख शिक्षकाची

१९८८ मध्येच डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात चांगली होती, काही कच्ची, आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी मुलं होती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर कितीतरी चांगला समजून सांगू शकली.

वर्गात याचा अर्थ फार मोठा आहे. मुलाची वाचनाची ‘पातळी’ ठरलेली नसते. विषय बदलला की ती बदलते. गोष्टीच्या पुस्तकात दोन ओळींवर थकणारा मुलगा सापांवरच्या पुस्तकात आख्खं पान काढतो, कारण त्यातलं निम्मं त्याला आधीच माहीत असतं. म्हणून पुस्तकांवर रंगीत पट्ट्या चिकटवून ‘तू फक्त पिवळी घ्यायची’ असं सांगणं मला पटत नाही. शिकवताना शिक्षकाच्या सोयीसाठी पातळी ठीक आहे. आनंदासाठी वाचताना ती मुलाच्या कपाळावर लावलेली चिठ्ठी होते. पिवळ्या पट्टीचा अर्थ काय, ते वर्गातल्या प्रत्येकाला आठवड्याभरात कळलेलं असतं.

निवड द्यायची म्हणजे दोनशे पुस्तकं समोर ओतून ‘घे हवं ते’ म्हणणं नव्हे. ज्याला पुस्तकांची ओळखच नाही त्याला दोनशे पुस्तकं ही एक भिंत वाटते. जाणते शिक्षक दोन गोष्टी करतात. एक, पुस्तकं पाठ भिंतीला आणि मुखपृष्ठ समोर अशी मांडतात. लहान मुलं कण्यावरचं बारीक नाव वाचून पुस्तक काढत नाहीत, चित्र पाहून काढतात. दर आठवड्याला दहा-बारा पुस्तकं बदलली की जुनी पुस्तकंही नवी वाटतात. दुसरी गोष्ट, ते एकेका मुलासमोर तीन पुस्तकं ठेवतात: ‘तुला ते विहिरीतल्या बेडकाचं आवडलं होतं ना? मग ही तीन बघ.’ तीनच, आणि तिन्ही नाकारायची मुभा.

हे ‘मग ही बघ’ म्हणता यायला शिक्षकानं स्वतः मुलांची पुस्तकं वाचलेली हवीत. इंग्लंडमध्ये २००६-०७ मध्ये टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२०० प्राथमिक शिक्षकांना मुलांसाठी लिहिणाऱ्या सहा लेखकांची, सहा कवींची आणि सहा चित्रपुस्तककारांची नावं विचारली. जवळजवळ चौथ्या हिश्श्याला एकाही चित्रपुस्तककाराचं नाव लिहिता आलं नाही. मला यात शिक्षकांचा आळस दिसत नाही. दिवसभर शिकवून, वह्या तपासून, तक्ते भरून झाल्यावर बालसाहित्य वाचायला त्यांना वेळ कोण देतं? पण परिणाम व्हायचा तो होतोच. ज्यांना स्वतःच्या लहानपणीची पाच-सहा पुस्तकंच आठवतात ते तीच सुचवत राहतात, आणि समोरच्या तीस मुलांपैकी पंचवीसांना ती लागू पडत नाहीत. आठवड्याला एक बालपुस्तक वाचणारा शिक्षक वर्षाअखेरीस पन्नास पुस्तकांचा जाणकार होतो. बहुतेक पुस्तकं तासाभरात संपणारी असतात.

पेटीत काय असावं? अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं की मुलांना पुस्तकांत आरसेही मिळायला हवेत आणि खिडक्याही. आपल्यासारखं कुणीतरी पुस्तकात भेटणं हा आरसा, आणि आपल्याहून वेगळं जग दिसणं ही खिडकी. काहींच्या वाट्याला नुसत्या खिडक्याच येतात, आणि पुस्तकं ही आपल्यासाठी नसतातच असं त्यांना वाटू लागतं. गोष्टींच्या बरोबरीनं माहितीची पुस्तकं, कोडी, विनोद, चित्रकथा, कविता आणि मासिकंही हवीत. चित्रकथा वाचणाऱ्याला ‘आता खरं पुस्तक घे’ असं कधीही म्हणू नये. तो खरंच वाचतोय.

एकाच मालिकेतली पुस्तकं ओळीनं वाचणाऱ्या मुलांबद्दल मोठी माणसं कुरकुरतात. पण दुसऱ्या पुस्तकापासून पात्रं, त्यांची नावं, लेखकाची बोलण्याची ढब, सगळं ओळखीचं झालेलं असतं. तेच शब्द पुन्हा पुन्हा समोर येऊन पक्के होतात आणि वेग वाढतो. आवडतं पुस्तक पाचव्यांदा वाचणारं मूलही हेच करत असतं. त्याला अडवू नये.

आणि न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडायची मुभा असायलाच हवी. फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यात पहिला हक्क न वाचण्याचा आहे, आणि पुस्तक पूर्ण न करण्याचाही आहे. आपण मोठी माणसं हा हक्क रोज वापरतो, मग मुलांनाच ‘घेतलंस ना, आता संपव’ का?

वेळ द्यायचा, पण वाऱ्यावर सोडायचं नाही

रोज पंधरा-वीस मिनिटं सगळ्या वर्गानं आपापलं पुस्तक वाचायचं, ही पद्धत १९६०च्या दशकापासून अनेक देशांत रुजली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीनं २०००च्या अहवालात मात्र सांगितलं की नुसत्या अशा मूकवाचनानं वाचनाचा ओघ सुधारतो याचा पुरेसा पुरावा सापडत नाही. काही शाळांनी यावरून तो तासच बंद केला. मला हे घाईचं वाटतं. पुरावा अपुरा असणं आणि उपयोग नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण अहवालातला इशारा खरा आहे. सगळे शांत बसलेत म्हणजे सगळे वाचताहेत असं नाही.

वाचनाचं सोंग आणणारी मुलं ओळखता येतात. ती दर दोन मिनिटांनी पुस्तक बदलायला उठतात, किंवा त्यांची पानं घड्याळासारखी एका चालीनं उलटत राहतात, किंवा नजर पुस्तकाच्या वरच्या कडेवरून वर्गभर फिरत असते. अशा मुलाला रागावून काही साधत नाही. त्याच्याजवळ पुस्तक चुकीचं आहे, नाहीतर वाचन जड जातंय. शिक्षक त्याच्या शेजारी बसतात आणि दोन पानं त्याच्याबरोबर वाचतात.

त्यासाठी कीथ टॉपिंग यांनी पुढे नेलेली जोडीनं वाचण्याची पद्धत फार सुंदर आहे. मूल आणि मोठं माणूस दोघंही एकाच वेळी मोठ्यानं वाचतात. एकट्यानं वाचावंसं वाटलं की मुलानं ठरलेली खूण करायची, हलकीशी टिचकी मारायची, की मोठ्या माणसानं गप्प व्हायचं. मूल अडलं तर काही सेकंद थांबून शब्द सांगायचा आणि पुन्हा बरोबरीनं वाचू लागायचं. कधी सुटायचं ते मूल ठरवतं, यातच या पद्धतीची सगळी ताकद आहे.

वाचल्यावर गप्पा हव्यात, परीक्षा नको. इंग्रज लेखक एडन चेंबर्स शिक्षकांना सुचवत, की ‘का?’ विचारू नका, ‘सांग बघू’ म्हणा. काय आवडलं, काय नाही आवडलं, कशानं कोड्यात पडलास, कशाची आठवण झाली. ‘का आवडलं?’ म्हटलं की मूल बरोबर उत्तर शोधू लागतं आणि शेवटी शिक्षकाला आवडेल ते बोलतं. ‘कोड्यात पडलो’ म्हणायची परवानगी मिळाली की न कळणं ही लाज राहत नाही, गप्पांचा विषय होतो. शिक्षकांनी अधूनमधून स्वतःचंही सांगावं: ‘मला हे पुस्तक कंटाळवाणं वाटलं, पण हिला आवडलं. आता तू वाचून सांग.’

चांदण्या आणि बक्षिसं

पुस्तक वाचलं की तक्त्यावर चांदणी, दहा चांदण्या झाल्या की बक्षीस. हेतू चांगला असतो. पण १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या कबुलीवर चित्रं काढलेल्या मुलांचा चित्रांतला वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. आवडीचं काम मजुरीचं झालं की मजुरी थांबल्यावर तेही थांबतं.

अचानक मिळालेल्या बक्षिसानं मात्र तसं नुकसान केलं नाही. बक्षीस कसलं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. बार्बरा मारिनाक आणि लिंडा गॅम्ब्रेल यांनी २००८ मध्ये तिसरीच्या ७५ मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात ज्यांना बक्षीस म्हणून पुस्तकच मिळालं ती मुलं, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही तीही, किरकोळ वस्तू मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे वाचत राहण्याकडे जास्त झुकली. शिवाय चांदण्यांच्या तक्त्यात एक क्रूरपणा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वाचन अवघड जाणाऱ्या मुलाची मोकळी ओळ वर्षभर भिंतीवर सगळ्यांसमोर टांगलेली असते.

घरच्यांना शिक्षक काय सांगतात? थोडंच. रोज थोडा वेळ मुलाला वाचून दाखवा, मूल मोठं झालं तरी. अक्षरओळख नसेल तर चित्रांवरून गोष्ट सांगा किंवा मुलाला सांगायला लावा. चुका काढत बसू नका. सही करायची वाचनवही घरी पाठवली की झोपण्यापूर्वीचं गोष्टीचं वाचन गृहपाठ होतं, म्हणून मी तरी ती पाठवणार नाही.

मग काही घडतंय की नाही, हे कळायचं कसं? किती पुस्तकं संपली या आकड्यातून फारसं कळत नाही. पातळ पुस्तकं उचलून आकडा वाढवता येतो. त्यापेक्षा एक साधी वही ठेवावी, प्रत्येक मुलाला एक पान. संपवलेल्या पुस्तकांपेक्षा सोडलेल्या पुस्तकांची नोंद तिथे जास्त उपयोगी पडते: कोणतं पुस्तक, कितव्या पानावर सोडलं, सोडताना मूल काय म्हणालं. सुरुवातीच्या त्या मुलीच्या पानावर पहिल्या दोन महिन्यांत कदाचित नुसत्या सोडलेल्या पुस्तकांचीच यादी असेल. परीकथा, दुसऱ्या पानावर, ‘खोटं आहे’. साहसकथा, सहाव्या पानावर, ‘खूप माणसं आहेत, लक्षात राहत नाहीत’. मुंग्यांचं पुस्तक, अकराव्या पानावर, ‘चित्रं छान, पण संपतच नाही’. ही यादी नीट वाचली तर पुढच्या सोमवारी तिच्यासमोर कोणती तीन पुस्तकं ठेवायची ते ठरवता येतं: खरी माहिती, माणसं कमी, छोटी छोटी प्रकरणं आणि भरपूर चित्रं.